तळावरचा निळा ठिपका

प्लेट उलटी करून बघायची मला काही एक गरज नव्हती. सोमवार, सकाळचे साडेदहा, कोल्ड रूममध्ये आवराआवर चाललेली. शुक्रवारी शाळेच्या मुलांचा उन्हाळी संशोधन वर्ग संपणार होता. त्याआधी त्यांचा सहा आठवड्यांचा पसारा मार्गी लावायचा, हे दरवर्षीचंच काम. जंतू वाढवलेल्या त्या बशीएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटा, शे-दीडशे तरी असतील, लाल पिशवीत भरायच्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या त्या पिंपाएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, उकडून मारून टाकायच्या. हातात काय येतंय ते मी बघतही नव्हते. मग ही एक आली. कडेने पट्टी नीट गुंडाळलेली, झाकणावर १४, आकड्याशेजारी एक चांदणी आणि बारीक अक्षरात ‘कृपया टाकू नये’. पोरं मुंगी म्हणतात त्या मुलीची प्लेट. मला हसूच आलं. तारीख कुठली आहे बघावी म्हणून मी ती उलटी केली. तारीख नव्हती. तळाच्या काठाशी एक निळा ठिपका होता, मोहरीएवढा. तो ठिपका माझा होता.

आता हा ठिपका म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर मी एवढ्यातेवढ्यावरून का भिंतीला टेकले ते कुणाला कळायचं नाही. ज्या प्लेटचं उत्तर आधीच माहीत असतं, तिला कंट्रोल म्हणतात. मुलं घराजवळची माती आणतात, तिच्यातून जंतू वेगळे करतात, त्यांना नंबर देतात. मग दुसऱ्या एका जंतूने भरलेल्या प्लेटच्या मधोमध आपल्या जंतूचा एक थेंब ठेवायचा. आपला जंतू जर काही मारक रस सोडत असेल तर दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल दिसतो, बाकी प्लेट धुरकट आणि मध्ये चंद्र. त्याला झोन म्हणायचं. शंभरात एखाद्याला येतो, बहुतेक वर्षी कुणालाच येत नाही. म्हणून सगळ्यांबरोबर एक प्लेट मी लावते. तिच्यात आमच्या फ्रीजमधला जुना, भरवशाचा जंतू असतो. त्याला झोन येतोच. तो आला म्हणजे त्या दिवशीचं सगळं सामान ठीक होतं. झाकणावर मी ‘कंट्रोल’ लिहिते आणि तळाला निळा ठिपका देते, कारण झाकणं इकडची तिकडे होऊ शकतात, तळाचं तसं होत नाही. हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझ्याआधीचे इथले तंत्रज्ञ. मुलांनाही पहिल्याच दिवशी मी घसा फोडून सांगते, नंबर तळावर लिहा रे, झाकणावर नको. ती माना डोलावतात आणि झाकणावर लिहितात. मुंगीनेही झाकणावरच लिहिलं होतं.

म्हणजे चौदा नंबरच्या झाकणाखाली माझी कंट्रोलची प्लेट होती. मुंगीचा झोन मुंगीचा नव्हताच. कोल्ड रूममध्ये चार अंश थंडी असते आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

झालं कधी, कसं, हे शोधायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. कशाला खोटं बोलू? मला माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. इनक्युबेटरच्या उबदार कपाटातून प्लेटांची चळत काढताना कोपर दाराला लागलं, चळत कलली, मी ती छातीशी दाबून धरली आणि वरची दोन झाकणं सटकून ओट्यावर पडली. दोनच. एक गडगडत बेसिनपर्यंत गेलं. बाहेर वीस पोरं कलकलाट करत होती, प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, घड्याळाकडे बघत होते. मी झाकणं उचलून लावली. उलटं करून ठिपका बघायला अर्धा क्षण लागला असता. पण या हातांनी लाखभर झाकणं लावली असतील, हातांना कळतं असं मला वाटायचं. मग पाचच मिनिटांत मुंगीची ती किंकाळी, ‘काकू! काकू, झोन आला!’ आणि सगळी प्रयोगशाळा तिच्या टेबलाभोवती. त्या गर्दीकडे पाठ करून मी रजिस्टर उघडलं आणि ‘कंट्रोल’ लिहिलेली प्लेट उजेडाकडे धरली. तिच्यात झोन नव्हता. धुरकट, सपाट, काही नाही. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, थेंब जुन्या नळीतला पडला असेल माझ्याकडून. आता हे सांगायचं म्हणजे सगळ्यांच्या प्लेटा बाद, पोरांचा आठवडा वाया, आणि सर सगळ्यांसमोर म्हणणार, काकू, तुमच्याकडून? म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘कंट्रोल : झोन आहे’, बरोबरची खूण केली, सही केली आणि ती प्लेट पिशवीत टाकली. कंट्रोलला झोन असतोच. चोवीस वर्षं मी तेच लिहितेय. त्या दोन गोष्टी, नको तिथे झोन आणि हवा तिथे नाही, एकमेकींच्या शेजारी ठेवून बघायचं मात्र मी टाळलं. माणसाला आपलं डोकं हवं तेवढंच चालवता येतं, याचा मला त्या महिन्यात चांगला सराव झाला.

मुंगी हे नाव पोरांनी ठेवलं. बाकीच्यांनी बागांमधली, नदीकाठची माती आणली. हिने राहत्या इमारतीच्या जिन्याखालच्या मुंग्यांच्या वारुळातली चिमूटभर आणली, औषधाच्या रिकाम्या डबीत. सरांनी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, ‘सर, एवढ्या मुंग्या एवढ्याशा जागेत राहतात, ओल असते, तरी आजारी पडून मरत कशा नाहीत? त्यांच्या मातीत काहीतरी असणार.’ सर माझ्याकडे बघून भुवया उंचावून हसले, म्हणजे खूश झाले. सोळा वर्षांची पोर, अंगापेक्षा कोट मोठा, बाह्या तीनदा दुमडलेल्या. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळी कामावर जाताना तिला फाटकाशी सोडायचे आणि ती आत जाईपर्यंत स्कूटर बंद करून उभे राहायचे. वर्गातल्या एकाच मुलाला किंवा मुलीला सर पुढचं वर्षभर प्रयोगशाळेत ठेवून घेतात, दर शनिवारी, आणि पुढे शिफारसपत्र देतात. बाकीच्यांना ते मिळालं तर हवंच होतं. हिला त्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. एकदा बाटल्या पुसता पुसता मला म्हणाली, ‘काकू, मला ना इथला वास आवडतो.’ मी म्हटलं, ‘अगं, हा उकडलेल्या जंतूंचा वास आहे.’ ‘असू दे,’ म्हणाली, ‘घरी गेल्यावर मी कोटाचा वास घेते.’ मी तिला वेडी म्हटलं. मीही तेच करायचे, पण ते तिला कशाला सांगू!

तर झोन आला तेव्हा सर म्हणाले, शाब्बास, पण एकदा आलेलं आलेलं नसतं, तीनदा आण. मुंगीने नळीतून आपला चौदा नंबर काढला आणि परत लावला. नाही आला. परत लावला. चार आठवड्यांत सहा वेळा लावला तिने. पहिल्या दोनदा ती हसत होती. मग तिने बोलणं कमी केलं. मग डबा खायची बंद झाली. मुलं बाहेर पायरीवर बसून खात असायची आणि ही आत, बर्नरच्या ज्वाळेसमोर, ओठ घट्ट मिटून, एकेक थेंब जीव मुठीत धरून ठेवत. मी मागून बघत असायचे. हात छान होता तिचा. थेंब ठेवताना हात जराही हलायचा नाही, इतका स्थिर हात मी दहा वर्षांत बघितला नव्हता. आणि सर जाता जाता काय म्हणाले, ‘पहिल्यांदा जमलं ते आता का जमत नाही? हाताकडे लक्ष दे.’ वाईट हेतूने नाही म्हणाले. पण त्या दिवसापासून ती आपल्या हाताकडे बघायला लागली. बोटं पसरून, उलटी सुलटी करून. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा तिचा हात थरथरला, मी पाहिलं. आणि मी काय केलं, तर तिच्यासाठी नवीन टिपांचा, म्हणजे थेंब घ्यायच्या प्लास्टिकच्या टोकांचा, डबा काढून दिला.

मंगळवारी मी ठरवून गेले. प्लेट माझ्या कोटाच्या खिशात होती, सोमवारपासून तिथेच. तिला बाजूला घ्यायचं, ठिपका दाखवायचा, म्हणायचं, बाई गं, चूक माझी, तुझ्या हातात काही कमी नाही. एवढी दोन वाक्यं. मी न्हाणीघरात म्हणून बघितली होती. ती टेबलाशी एकटीच होती, सातव्यांदा लावत होती. मी जवळ गेले, ओट्यावर तळवा टेकला. तिने वर बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. माझं तोंड उघडलं आणि मी म्हटलं, ‘केस मागे बांध. ज्वाळेजवळ बसतेस.’ तिने केस बांधले. मी वळले आणि तिथेच, दोन टेबलांच्या मध्ये, मला तात्या दिसले. म्हणजे दिसले नाहीत, मेले ते नऊ वर्षांमागे. त्यांचा तळवा दिसला, ओट्यावर टेकलेला. माझ्या ओट्यावर.

मी पंचवीस वर्षांची होते. सरांच्याही आधीचे सर होते तेव्हा, त्यांच्याकडे मी पीएचडी करत होते. हो, मीसुद्धा. आज मला काकू म्हणणाऱ्यांपैकी कुणाला ते माहीत नाही आणि मी सांगत नाही, लोक उगाच अरेरे करतात. दुसऱ्या वर्षी मला एक निकाल मिळाला होता. सुंदर होता. एकदाच मिळाला. मग आठ महिने मी तो परत शोधत होते, आणि माझे सर एक दिवस म्हणाले, ‘बुद्धी आहे तुझ्याकडे. हात नाही.’ झालं. मी घरी गेले, तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. त्याच सुमारास कधीतरी तात्या माझ्या टेबलाशी आले होते. भरदुपार होती. ओट्यावर तळवा टेकला, घसा खाकरला, म्हणाले, ‘बाळ, एक सांगायचं होतं.’ मी म्हटलं, काय तात्या? त्यांनी बराच वेळ माझ्या प्लेटांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘जाताना पंखा बंद करत जा.’ मला तेव्हा रडू आलं होतं, आपण आता पंख्यावरूनही बोलणी खातोय म्हणून. पुढे मी पीएचडी सोडली आणि महिन्याभराने तात्या घरी आले. म्हणाले, माझ्या हाताखाली एक जागा आहे, मी सरांकडे शब्द टाकतो. टाकला त्यांनी. देवमाणूस, असं माझी आई मरेपर्यंत म्हणत होती. मीही म्हणत होते, परवापर्यंत.

मला काही ठाऊक नाही. शपथेवर सांगते, मला काही ठाऊक नाही. म्हातारा कदाचित पंख्यासाठीच आला असेल. पण माणूस इतकी वर्षं दुसऱ्याच्या मुलीची अशी काळजी का घेतो, माझी बाळंतपणाची रजा असताना दुप्पट काम का उपसतो, निवृत्तीच्या दिवशी माझे हात धरून ‘मला माफ कर हं’ का म्हणतो? मला वाटलं होतं, निरोपाच्या वेळी सगळेच म्हणतात तसं. आणि ठिपका? तळाला ठिपका द्यायचा हे त्यांनी मला नेमकं कधी शिकवलं? मी तिथे उभ्या उभ्या आठवत होते. मी विद्यार्थिनी असताना तर असे ठिपके नव्हते. तात्यांनी ते नंतर सुरू केले. माझ्यानंतर.

बुधवारी जेवताना नवऱ्याला सांगितलं. सगळं नाही, झाकणांपुरतं. ते छापखान्यात होते तीस वर्षं, चुकीचा कागद छापून गेला की काय होतं ते त्यांना कळतं. घास चावत म्हणाले, ‘मग सांगून टाक की. एक झाकण इकडचं तिकडे झालं, त्यात काय एवढं? फाशी देणारेत का तुला?’ मी म्हटलं, ‘रजिस्टरमध्ये मी लिहिलंय, कंट्रोल ठीक आहे.’ ‘मग?’ ‘तो ठीक नव्हता. मी बघितलं होतं.’ त्यांनी चावणं थांबवलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तो तो नसावा. मग म्हणाले, ‘पोरांचाच वर्ग आहे म्हणा.’ आणि ताटात बघून जेवायला लागले. त्यांना माहीत आहे, माझ्याकडे दुसरं आहे काय. विभागात नवीन कुणी आलं की सर ओळख करून देताना म्हणतात, या काकू, यांची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर वेळी मी म्हणते, काहीतरीच काय सर. दर वेळी मला ते हवं असतं. हात नाही म्हणाले मला, ठीक आहे. पण नोंद आहे. या एवढ्यावर मी चोवीस वर्षं रोज सकाळी उठून आले आहे. ते काढून घेतलं तर मी राहते काय? कोटाला अडकवलेलं एक ओळखपत्र.

गुरुवारी मी पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. झाकण आवळण्याआधी खिशातली प्लेट काढली, चांदणी बघितली, आणि पिशवीत सरकवली. शिट्टी होईपर्यंत बाजूच्या स्टुलावर बसून राहिले. उघडलं तेव्हा सगळ्या प्लेटा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यातून कुठलं झाकण नि कुठला तळ हे कुणालाही सांगता आलं नसतं. ‘कृपया टाकू नये’ असं त्या पोरीने लिहिलं होतं. मला ‘कृपया’ने जास्त लागलं.

शुक्रवारी सभागृहात पालक आले. मुंगीचे वडील कामाच्याच कपड्यांत, खिशात टेस्टर, शेवटच्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसले. मी दाराशी उभी होते. एकेक जण आपापले तक्ते दाखवून गेलं, टाळ्या झाल्या. मुंगीची पाळी अकरावी होती. तिने पहिलं चित्र दाखवलं, जिन्याखालचं वारूळ, लोक हसले. दुसरं, झोन. सभागृहात ‘अरे वा’ असं उमटलं. तिला तिथेच थांबता आलं असतं. सातही वेळा नाही आला हे सरांखेरीज आणि माझ्याखेरीज कुणाला माहीत होतं? तिने तिसरं चित्र लावलं, सात धुरकट प्लेटा ओळीने. म्हणाली, ‘हा निकाल मला एकदा मिळाला. नंतर सात वेळा मिळाला नाही. सामानात दोष नव्हता, कारण पहिल्या दिवसाचा कंट्रोल बरोबर आहे, मी काकूंच्या रजिस्टरमध्ये बघितलं. जंतूही तोच आहे. म्हणून मला असं वाटतं, की दोष माझ्या हातात आहे.’ शांतपणे म्हणाली. पाठ केलेलं असावं. ‘मुंग्यांच्या मातीत काहीतरी असेलही. दुसऱ्या कुणीतरी, ज्यांचा हात चांगला आहे, त्यांनी बघावं. धन्यवाद.’

सर उठले. ‘प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवा,’ म्हणाले, आणि लोकांनी वाजवल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी खटकलं होतं त्यांना, चांगला शास्त्रज्ञ आहे माणूस. त्यांनी मान वळवून थेट दाराकडे बघितलं. ‘काकू, त्या दिवशीचा कंट्रोल ठीक होता ना? तुम्ही स्वतः बघितलात?’

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. तिचे वडील वळले. मुंगी व्यासपीठावर दोन्ही हात मागे धरून उभी होती, ते हात कुणाला दिसू नयेत असे, आणि माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर, देवा, अजून थोडीशी आशा होती. माझा शब्द यायचा होता फक्त. इतकं सोपं करून दिलं होतं मला.

‘हो सर,’ मी म्हटलं. ‘नोंद आहे.’

जागा दुसऱ्या मुलाला मिळाली, नदीकाठच्या मातीवाल्याला. त्याला काहीच सापडलं नव्हतं, पण तक्ते नीटनेटके होते. पालक चहाला गेले. तिचे वडील जिन्यात मला भेटले, म्हणाले, ‘तुमचं नाव घेते हो घरी सारखी. सांभाळलंत तिला.’ मी काहीतरी बोलले.

प्रयोगशाळेत ती बेसिनशी उभी राहून काचेच्या नळ्या धूत होती. कुणी सांगितलं नव्हतं. पाठमोरी होती, कोट अंगात होता. मी जवळ गेले, ओट्यावर तळवा टेकला, मग तो उचलला. ‘आता पुढे काय घेणार?’ मी विचारलं. ‘विज्ञान नाही घेत, काकू,’ ती म्हणाली. ‘बाबा म्हणतात, घे. पण उपयोग काय? डोक्यात येतं आणि हातात येत नाही.’ तिने नळी उजेडाकडे धरून बघितली, लख्ख झाली होती, उपडी ठेवली. ‘वास मात्र आठवेल.’

आत्ता, मी स्वतःला म्हटलं. इथे तर कुणीही नाहीये. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, मऊ, मायेचा, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. ‘वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या हाताखाली ये. प्लेटा भरायला, नोंदी ठेवायला मदतनीस लागतेच. मी शिकवीन तुला.’

ती वळली. हात ओलेच. ‘खरंच? पण सर घेतील मला?’

‘मी सांगते ना सरांना,’ मी म्हटलं. ‘माझा शब्द मानतात ते.’

तिने बाहीने डोळे पुसले आणि विचारलं, कुठल्या तारखेपासून येऊ.